काढली तरी परत उगवणारी जाहिरात

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे : संगणकाच्या पडद्यावर न मागता जाहिराती येतात, आणि काढल्या तरी दोन-चार दिवसांत त्या परत येतात. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिले उत्तर मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे, कारण त्यातला बराच भाग पुढच्या पत्रलेखकांनाही लागू पडतो.

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. पेट्यांच्या ऑर्डरी, ग्राहकांचे पत्ते आणि बिले आम्ही घरच्या संगणकावर ठेवतो. बिले मराठीत काढता यावीत म्हणून मराठी टायपिंगचा एक फुकट प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवून घेतला. तेव्हापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत’ अशा चौकटी येतात, आणि क्रोममध्ये काहीही शोधले की भलतेच पान उघडते. तो प्रोग्राम काढून टाकला, क्रोम दोनदा रिसेट केले, एकदा पूर्ण काढून नव्याने टाकले. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. दुरुस्तीवाले फॉरमॅट करा म्हणतात, पण हंगाम तोंडावर आहे. पुण्याला शिकणारा मुलगा त्याच्या लॅपटॉपवर आमचेच गूगल खाते वापरतो. त्यालाही तसेच पान अधूनमधून दिसते.
— एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, त्याकडे येतोच. फॉरमॅटची घाई मात्र करू नका. आपण बागायतदार आहात, म्हणून आपल्याला हे चटकन पटेल : कलमावरच्या बांडगुळाची पाने खुडली म्हणून बांडगूळ जात नाही. त्याची मुळी कलमाच्या सालीखाली शिरलेली असते आणि गाठीच्या खालून फांदीसकट कापल्याशिवाय ते पुन्हा फुटायचे राहत नाही. आपण आतापर्यंत जे केले ते सगळे पाने खुडण्याचे काम झाले. क्रोम रिसेट केले की सुरुवातीचे पान आणि शोधयंत्र मूळ जागी येते आणि एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, बंद होतात, हे खरे. पण ती जाहिरात क्रोममध्ये आणून ठेवणारे जे काही आहे ते जर क्रोमच्या बाहेर बसले असेल, तर रिसेटने त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. म्हणून आधी तिला परत आणणारी वाट बंद करायची आणि मग ब्राउझर साफ करायचा, हा क्रम सोडू नका.

आपल्या घरी ही वाट बहुधा मुलाच्या लॅपटॉपवरून येते. एकाच गूगल खात्याने दोन संगणकांवर क्रोम उघडले आणि सिंक (खात्यातली माहिती सगळ्या संगणकांवर सारखी ठेवणारी सोय) चालू असले, की बुकमार्क आणि पासवर्डांबरोबर एक्स्टेन्शनही एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात. आपण देवगडला एक्स्टेन्शन काढले, पण पुण्याच्या लॅपटॉपवर ते राहिले, तर खात्यात त्याची नोंद राहते आणि आपण पुन्हा त्या खात्याने आत शिरलात की ते मुकाट्याने परत येते. क्रोम पूर्ण काढून नव्याने टाकल्यावरही दोनच दिवस बरे गेले, त्याचा उलगडा यातच आहे असे मला वाटते. तेव्हा एक संध्याकाळ ठरवून मुलाला फोनवर घ्या. दोघांनीही क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सिंक बंद करा. मग दोघांनीही एक्स्टेन्शनचे पान उघडून, जे एक्स्टेन्शन आपण स्वतः जाणूनबुजून घेतलेले नाही ते काढून टाका. हवामान दाखवणारे, पीडीएफ बदलून देणारे, खरेदीत सवलत शोधणारे, असली निरुपद्रवी दिसणारी नावेच अशा वेळी जास्त तपासावीत. दोन्ही संगणक चार-पाच दिवस स्वच्छ राहिले, की मगच सिंक पुन्हा चालू करा.

उजव्या कोपऱ्यातल्या चौकटी हा वेगळा प्रकार आहे. त्या चौकटीकडे नीट पाहा : शीर्षकाखाली बारीक अक्षरांत क्रोमचे नाव आणि एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता दिसतो. असा पत्ता दिसला, तर ती चौकट व्हायरसने काढलेली नसून एखाद्या संकेतस्थळाला घरातल्या कोणीतरी, बहुधा नकळत, नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी दिलेली आहे असे समजावे. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगून ही परवानगी काढून घेतली जाते. क्रोमची खिडकी बंद असतानाही तो मागे चालू राहू शकतो, त्यामुळे आपण बिले करत असतानाही चौकट येते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ असे जा. परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी तिथे दिसेल. आपल्या ओळखीची नसलेली सगळी काढून टाका, आणि वर ‘कोणत्याही संकेतस्थळाने परवानगी मागू नये’ अशा अर्थाचा जो पर्याय आहे तो निवडा. अनेक घरांतली निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटते. एज ब्राउझर वापरत असाल तर त्यातही अशीच यादी आहे, ती विसरू नका.

आता संगणकाच्या आत शिरलेल्या मुळीकडे येऊ. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडा आणि यादी टाकल्याच्या तारखेप्रमाणे लावा. टायपिंगचा प्रोग्राम ज्या दिवशी टाकला, त्याच दिवशी आणखी काय काय आले ते लगेच दिसेल, कारण असे फुकट प्रोग्राम आपल्याबरोबर दोन-तीन पाहुणे घेऊन येतात. टाकताना पडद्यावर ‘रेकमेंडेड’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय येतात. पहिला दाबला की त्या पाहुण्यांना आपली संमती मिळाली असे धरले जाते. आपण मुख्य प्रोग्राम काढलात, पण त्याच्याबरोबर आलेले राहिले असतील. ते इथून काढा.

त्यानंतर जी जागा बहुतेक जण पाहतच नाहीत ती पाहा. गेल्या पावसाळ्यात हर्णैला एका परिचितांकडे गेलो होतो. त्यांचा संगणक चालू होता, ब्राउझर बंद होता, आणि आम्ही चहा घेत असताना जुगाराच्या जाहिरातीचे पान आपोआप उघडले. त्यांनी ते बंद केले आणि ‘दर तासाला येते’ असे सहज सांगितले. मी घड्याळ पाहिले : अकरा वाजून दहा मिनिटे. बारा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तेच पान. वेळ इतकी काटेकोर असेल तर कोणीतरी ती ठरवून दिलेली असते. स्टार्ट मेनूत ‘टास्क शेड्युलर’ शोधून उघडले, डाव्या बाजूची ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’ निवडली, आणि मधल्या यादीत एका अपडेटसारखे साधे नाव असलेली नोंद सापडली. ‘ट्रिगर्स’मध्ये दर तासाची वेळ होती, आणि ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये क्रोमच्या फाइलच्या पुढे त्या जुगाराच्या पानाचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता. नोंदीवर उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ केले आणि एक वाजून दहा मिनिटांची वाट पाहिली. पान आले नाही. त्यानंतरच ती नोंद काढून टाकली. आपणही असेच करा : आधी थांबवा, खात्री करा, मग काढा. त्याच लायब्ररीखाली ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाचा एक विभाग आहे. त्यातल्या नोंदी विंडोजच्या स्वतःच्या असतात, त्यांना हात लावू नका.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावरही उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहा. ‘टार्गेट’च्या रकान्यात क्रोमच्या फाइलच्या नावापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता जोडलेला आढळला, तर आपण क्रोम उघडतो म्हणून जे उघडत होतो ते त्या पानाचे दार होते. तो पत्ता पुसा, किंवा ते चित्र काढून नवे तयार करा.

एवढे हाताने झाल्यावर तपासणीचा प्रोग्राम चालवा. मालवेअरबाइट्स कंपनीचा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर या कामासाठीच बनवलेला आहे, फुकट आहे, आणि तो संगणकात टाकावाही लागत नाही. फाइल उघडली की चालतो. हा प्रोग्राम पूर्वी स्वतंत्र होता, मालवेअरबाइट्सने तो २०१६ मध्ये घेतला. एक सावधगिरी मात्र जीव लावून सांगतो : जो ब्राउझर बिघडलेला आहे त्यातच ‘अ‍ॅडवेअर काढण्याचा प्रोग्राम’ असे शोधू नका. शोधाचे निकालच जर भलतीकडे वळवले जात असतील, तर औषध म्हणून आपल्या हाती दुसरा आजार येईल. फाइल शेजाऱ्यांच्या संगणकावर, कंपनीच्या मूळ संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा. सापडलेल्या गोष्टी तो आधी क्वारंटाइनमध्ये, म्हणजे न पुसता वेगळ्या कोंडून, ठेवतो, त्यामुळे एखादी चुकून गेली तर परत आणता येते.

मग विंडोज सिक्युरिटीत जा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये खालच्या बाजूला ‘एक्स्क्लूजन्स’ नावाची यादी असते, म्हणजे डिफेंडरने (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने) जिकडे पाहायचेच नाही अशा जागांची. ती आपल्या घरच्या संगणकावर रिकामी असायला हवी. काही हट्टी प्रोग्राम, आणि विंडोज फुकटात ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणारी बेकायदा साधने, या यादीत स्वतःचा फोल्डर किंवा चक्क पूर्ण सी ड्राइव्ह घालून ठेवतात. पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर त्याने किती वेळा फेरी मारली याला अर्थ उरत नाही. यादी रिकामी करून ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक आपोआप बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागतात. वीज जाण्याची शक्यता असलेल्या वेळी, म्हणजे वादळी पावसाच्या संध्याकाळी, हे करू नका. लॅपटॉप असेल तर चार्ज पूर्ण करून घ्या. शेवटी ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ उघडून नको असलेली अ‍ॅप अडवण्याचा पर्याय चालू आहे ना ते पाहा. आपल्या संगणकात आलेल्या पाहुण्यांसारख्यांना तो दारातच थांबवतो.

आणि आता क्रोम रिसेट करा. तिसऱ्यांदा करतो आहोत म्हणून कंटाळू नका. या वेळी त्याला परत बिघडवणारे मागे कोणी राहिलेले नसेल.

ज्या गरजेपोटी हे सगळे घडले तिच्याबद्दलही सांगायला हवे. मराठीत लिहिण्यासाठी बाहेरचा कोणताही प्रोग्राम लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीचा कळफलक आधीपासून आहे. २०१९ पासून तर रोमन अक्षरांत ‘देवगड’ टाइप केले की देवनागरीत ‘देवगड’ उमटवणारा फोनेटिक कळफलकही विंडोजमध्येच मिळतो. सेटिंग्जमधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडा आणि तिच्या पर्यायांतून तो कळफलक निवडा. निर्मला हा फाँटही विंडोजबरोबरच येतो, बिलांसाठी तो पुरेसा आहे.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझ्या क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसते. माझी कोणतीही संस्था नाही. एक अनोळखी एक्स्टेन्शन आहे, पण ते काढण्याचे बटणच चालत नाही. मुलगा मस्कतला असतो, त्यामुळे घरी पाहणारे कोणी नाही.
— एक निवृत्त शिक्षक, गुहागर

उत्तर : गुरुजी, आपण ते वाक्य वाचलेत आणि त्याचा अर्थ विचारलात, हे फार चांगले केलेत. मोठ्या कार्यालयांत शेकडो संगणकांवर एकच नियम लावता यावा म्हणून क्रोममध्ये ‘पॉलिसी’ची सोय आहे. त्या सोयीने टाकलेले एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला काढता येत नाही, कारण ते कार्यालयाने टाकले आहे असे क्रोम धरून चालतो. जाहिरातवाल्यांनी हीच सोय उचलली : ते आपल्या संगणकावर एक पॉलिसी लिहून ठेवतात आणि मग आपल्याच घरात आपण कर्मचारी ठरतो.

आधी दोन शक्यता वगळा. हा संगणक शाळेकडून किंवा मुलाच्या कंपनीकडून आलेला असेल तर ते वाक्य खरे आहे, आणि त्याला हात लावू नये. काही अँटिव्हायरसही अशी एखादी पॉलिसी लावतात. खात्री करण्यासाठी क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘क्रोम’, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असे मध्ये जागा न सोडता टाइप करा. लागू असलेल्या पॉलिसींची यादी दिसेल. त्यात ‘एक्स्टेन्शन-इन्स्टॉल-फोर्सलिस्ट’ असे सलग लिहिलेले नाव असेल, तर त्याच्यासमोर इंग्रजी अक्षरांची एक निरर्थक वाटणारी माळ दिसते. ती मोजा, ३२ अक्षरे भरतील. प्रत्येक एक्स्टेन्शनची अशी स्वतःची ३२ अक्षरी ओळख असते. एक्स्टेन्शनच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ चालू केला की प्रत्येकाखाली ती ओळख दिसते. दोन्ही ठिकाणची माळ जुळली, की अपराधी सापडला.

ही पॉलिसी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहिलेली असते. रजिस्ट्रीत चुकीची नोंद पुसली गेली तर विंडोज सुरूच न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते, म्हणून हे काम एकट्याने करू नका, असा माझा आग्रह आहे. शेजारचा एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी किंवा शाळेतले संगणक शिक्षक बोलावून त्यांना हा मजकूर दाखवा. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकी लोकल मशीन’, त्यात ‘सॉफ्टवेअर’, त्यात ‘पॉलिसीज’, त्यात ‘गूगल’ आणि त्यात ‘क्रोम’ अशी ती वाट आहे. ‘एचकी करंट यूजर’खालीही तशीच वाट असते, तीही पाहावी. क्रोमचा तो कप्पा आधी ‘एक्स्पोर्ट’ करून डेस्कटॉपवर ठेवावा, आणि मगच पुसावा. ‘सॉफ्टवेअर’खाली थेट ‘गूगल’ नावाचा दुसराही कप्पा आहे, जो ‘पॉलिसीज’च्या आत नाही, तो क्रोमचा स्वतःचा आहे, त्याला धक्का लावायचा नाही. या एका ठिकाणी माणसे चुकतात. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू केला की एक्स्टेन्शन काढण्याचे बटण चालू लागते, किंवा ते स्वतःच गेलेले असते.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य परत दिसले, तर पॉलिसी पुन्हा लिहिणारा प्रोग्राम अजून संगणकात आहे. तेव्हा वरच्या उत्तरातली टास्क शेड्युलरची आणि टाकल्याच्या तारखेची तपासणी आधी करावी आणि मग हे पुन्हा करावे.

प्रश्न : तारकर्लीजवळ आमचे घरगुती निवास आहे. बुकिंग पाहत असताना अचानक पूर्ण पडदा निळा-लाल झाला, भोंग्यासारखा आवाज सुरू झाला आणि ‘मायक्रोसॉफ्ट’च्या नावाने एक फोन नंबर आला. घाबरून फोन केला. त्यांनी एक प्रोग्राम टाकायला लावला, पाऊण तास माझा संगणक तेच चालवत होते आणि शेवटी दुरुस्तीचे म्हणून साडेसहा हजार रुपये यूपीआयने घेतले. आता पडदा ठीक आहे, पण बँकेचे काम यावर करायला भीती वाटते.
— एक महिला व्यावसायिक, मालवण तालुका

उत्तर : ताई, आपली भीती योग्य आहे, आणि जे घडले त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. तो आवाज आणि तो पडदा माणसाला विचार करायला उसंत मिळू नये म्हणूनच बनवलेला असतो.

हे उत्तर छापून येईपर्यंत दिवस गेलेले असतील, म्हणून मी आपल्याला स्वतंत्रपणे कळवले आहे. इथे सर्वांसाठी लिहितो. असे झाल्यास संगणकाचे इंटरनेट ताबडतोब बंद करावे, वायफायचा राउटर बंद केला तरी चालेल. मग दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पैसे पुढच्या खात्यांतून फिरण्याआधी ती रक्कम गोठवता यावी म्हणून हा क्रमांक आहे, त्यामुळे इथे प्रत्येक तासाला किंमत असते. गृहमंत्रालयाच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. व्यवहाराचा क्रमांक, त्यांचा फोन नंबर आणि पडद्याचा फोटो असेल तर तो जपून ठेवावा. बँकेचे, ईमेलचे आणि बुकिंगच्या संकेतस्थळांचे पासवर्ड बदलावेत, पण या संगणकावरून नव्हे, दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून.

देवगडच्या वाचकांना मी फॉरमॅटची घाई करू नका म्हटले. आपल्याला मात्र मी ते करायला सांगतो. जाहिरात दाखवणारा प्रोग्राम काय काय करतो याचा अंदाज बांधता येतो, पण अनोळखी माणसाने पाऊण तास संगणकावर बसून काय ठेवले आणि काय नेले, याचा अंदाज कोणालाच करता येत नाही. फोटो, पाहुण्यांच्या नोंदी आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्या. उतरवलेले प्रोग्राम घेऊ नका. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’त ‘रिसेट धिस पीसी’ निवडून सर्व काही काढण्याचा पर्याय घ्या. ‘क्लाउड डाउनलोड’ला चार जीबीहून अधिक डेटा लागू शकतो, आपल्याकडे पावसात नेटची जी अवस्था असते ती पाहता ‘लोकल रिइन्स्टॉल’ सोयीचे पडेल. संगणकावर विंडोज १० असेल, तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. संगणक पेलत असेल तर याच वेळी विंडोज ११ वर जावे.

जाहिरातीचा प्रोग्राम नुसता त्रासदायक असतो, धोकादायक नसतो, असेही अनेकांना वाटते. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्राम आलेला असल्याचे उघडकीस आले. सुरक्षित पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र बसवले होते, आणि त्यामुळे कुलपाचे चिन्ह दिसत असूनही बँकेचे पान खरोखर बँकेचेच आहे याची खात्री उरली नव्हती. म्हणून साफसफाई पूर्ण होईपर्यंत बँकेचे काम त्या संगणकावर करू नये हे आपले मन सांगते आहे, ते बरोबर सांगते आहे.

तसा पडदा पुन्हा आलाच, तर एस्केपची कळ दाबून धरा. पूर्ण पडदा व्यापलेले पान लहान होते. तेही न जमल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडा आणि ब्राउझर तिथून बंद करा. पुन्हा उघडताना ‘आधीची पाने परत आणू का’ असे विचारले तर नाही म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या चूक-सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, एवढे निवासातल्या मदतनिसांनाही सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या घरी दोन संगणक आणि तीन मोबाइल आहेत, आणि सगळ्यांवरच नको त्या जाहिरातींची पाने उघडतात. संगणक दुकानात नेला तर तिथे काहीच दिसत नाही.
— एक वाचक, दापोली

उत्तर : दुकानात काही दिसत नाही, याचा अर्थ दोष संगणकात नसून घरच्या वायफायच्या राउटरमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. एका मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच पाने उघडून पाहा. जाहिराती थांबल्या, तर राउटरच्या डीएनएसच्या नोंदी बहुधा कोणीतरी बदलल्या आहेत. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाचे नाव दिल्यावर त्याचा आकडी पत्ता सांगणारी सोय. तिथेच खोटा पत्ता सांगणारा बसवला, की त्या राउटरवरची सगळी उपकरणे भलत्या घरी जातात.

राउटरच्या मागच्या छोट्या भोकात टाचणी घालून साधारण दहा सेकंद दाबून धरले की तो कारखान्यातून आला तसा होतो, पण त्याबरोबर आपल्या जोडणीचे नाव आणि पासवर्डही पुसले जातात. म्हणून आधी केबलवाल्याला किंवा ज्यांच्याकडून नेट घेतले त्यांना फोन करून ती माहिती लिहून घ्या, किंवा त्यांना घरीच बोलावून त्यांच्यासमोर हे करा. नवी जोडणी झाली की राउटरचा स्वतःचा, म्हणजे त्याच्या सेटिंग्जमध्ये शिरण्याचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. बहुतेक घरांत तो ‘अ‍ॅडमिन’ असाच राहिलेला असतो, आणि दोष शिरायला तेवढी फट पुरते. राउटर बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून चालवता येण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करून घ्या, आणि राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का ते केबलवाल्याकडून तिथल्या तिथे पाहून घ्या. मोबाइल डेटावरही जाहिराती तशाच येत राहिल्या, तर राउटर निर्दोष आहे. मग प्रत्येक उपकरणावरच्या ब्राउझरमधल्या नोटिफिकेशनच्या परवानग्यांपासून सुरुवात करा आणि काय आढळले ते मला कळवा.